खाका खेंचना, खाका उडाना
(मारिओ मिरांडा यांच्या चित्ररोजनिश्यांविषयी)

उर्दूच्या तासाला 'खाका' या शब्दापाशी आम्ही दरवर्षी थोडे जास्त रेंगाळतो. खाका म्हणजे चित्रकाराने आधी मारून घेतलेली कच्ची रेषा. खाका म्हणजे घराचा आराखडाही. आणि खाका म्हणजे शब्दांनी काढलेले माणसाचे चित्र, ज्याला मराठीत व्यक्तिचित्र म्हणतात. पण पुढे क्रियापद कोणते येते यावर सगळे अवलंबून असते. 'खाका खेंचना' म्हणजे रेखाटणे, 'खाका उडाना' म्हणजे टर उडवणे. शब्द तोच, समोरचा माणूस तोच. वर्गात मुले हसतात, कारण एकमेकांचा खाका उडवण्यात ती तरबेज असतात.

मारिओ मिरांडा यांच्या चित्रांविषयी लिहायला बसलो तेव्हा हीच दोन क्रियापदे मनात होती. आपल्या वाचकांपैकी काहींना त्यांचे नाव ठाऊक नसेल, पण हात ठाऊक असेल. बटबटीत डोळ्यांची माणसे, एकमेकांच्या अंगावर रेललेली गर्दी, तारेवर कावळा, कोपऱ्यात कुत्रे आणि पानभर विणलेल्या काळ्या शाईच्या बारीक रेघा. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांतून ही माणसे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोहोचली. आमच्या घरी थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके फळीवर असत. इंग्रजी वाचता येत नव्हते तेव्हाही आम्ही ती चित्रे 'वाचत' असू. चित्राखाली नाव कुणाचे, हे विचारायची अक्कल त्या वयात नव्हती.

मारिओंचा जन्म २ मे १९२६ रोजी दमणला झाला. घर गोव्यात, लोटलीला. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रे काढायचा. आई वैतागली आणि तिने त्याला एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला तो 'डायरी' म्हणू लागला. पाद्र्यांची चित्रे काढली म्हणून शाळेत ओरडाही खाल्ला. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर ही गोष्ट आम्हाला जरा बोचते. आमच्या वर्गातली किती मुले वहीच्या शेवटच्या पानावर आमचे चित्र काढत असतील आणि आम्ही ती पाने फाडून टाकली असतील, कोण जाणे.

पुढे बंगळूरला शालेय शिक्षण, मुंबईच्या सेंट झेवियर्समधून इतिहासाची पदवी, मग आईवडिलांच्या आग्रहाखातर थोडे दिवस वास्तुशास्त्र. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पोस्टकार्डांवर चित्रे काढून मित्रांना चार पैशांत विकणे, जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी, मग 'करंट', मग 'इलस्ट्रेटेड वीकली' आणि टाइम्स समूह, असा तो रस्ता गेला. १९५९ साली गुलबेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळून ते पोर्तुगालला गेले, तिथून लंडनला, आणि काही वर्षांनी परत मुंबईला आले. त्यांच्या पत्नी हबीबा या माहेरच्या हैदरी. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीच्या घरी मारिओंचे निधन झाले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला गेले होते. एका वर्षात दोन हात थांबले. एक घरी थांबला, एक परक्या देशात. हा आमच्या मजमूनाचा विषय नाही, पण तारखा शेजारी आल्या की मन तिकडे वळतेच.

विषय आहे त्या वह्यांचा. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या मारिओंच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. तेव्हा ते तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते. नोकरीचा पत्ता नाही, भविष्याचा तर त्याहून नाही. गोवा अजून पोर्तुगिजांकडे आणि मुंबई स्वतंत्र भारतात. हा तरुण दोन्हीकडचा, आणि म्हणून कुठेच पुरता नाही. रोज काय घडले ते तो चित्रात मांडतो आणि भोवती हाताने इंग्रजीत दोनचार ओळी लिहितो. काही भव्य घडत नाही. गावातले सण, लग्नसमारंभ, मित्रांचे अड्डे, पाद्री, नातेवाईक, कुत्री आणि पुष्कळसा कंटाळा. ही पाने छापण्यासाठी नव्हती. कुणी संपादक डोक्यावर बसला नव्हता, उद्याच्या अंकाची घाई नव्हती. म्हणून त्या रेषेत एक बेफिकिरी आहे, जी नंतरच्या नामवंत मारिओंमध्ये आम्हाला क्वचितच दिसली.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मारिओंचे सर्वांत मोठे काम या वह्या आहेत. ज्या चित्रांनी त्यांना नाव, पद्मश्री आणि पद्मभूषण मिळवून दिले आणि मरणोत्तर पद्मविभूषणही, ती चित्रे त्यानंतर येतात. हे मत अनेकांना रुचणार नाही. त्यामागचे कारण सांगायला थोडे उर्दूकडे जावे लागेल.

उर्दूत खाकानिगारीची मोठी परंपरा आहे आणि तिचा आरंभ बहुतेक जण मिर्झा फरहतुल्ला बेग यांच्यापासून मानतात. त्यांनी आपले उस्ताद डेप्युटी नझीर अहमद यांच्यावर लिहिले. लेखाच्या नावातच त्यांनी कबूल केले आहे की ही कहाणी काही माझ्या तोंडून आहे, काही त्यांच्या. नझीर अहमदांचे दिसणे, वागणे, पैशाच्या बाबतीतला चिकटपणा, शिकवण्याची तऱ्हा, सगळे त्यात आहे. शागीर्द उस्तादाला सोडत नाही, पण उस्तादाचा अपमानही होत नाही. का होत नाही? कारण लिहिणारा स्वतः त्या खोलीत बसलेला आहे. उस्तादाचे हसे होते त्या क्षणी शागीर्दाचेही होत असते. मंटोने 'गंजे फरिश्ते'मध्ये मुंबईच्या सिनेमावाल्यांचे खाके लिहिले. तिथेही मंटो बाजूला उभा राहून बोट दाखवत नाही, तो त्याच महफिलीतला एक असतो. आमच्या मते 'खेंचना' आणि 'उडाना' यांच्यातली सीमा इथेच आहे. चित्र काढणारा चित्रात आहे की बाहेर, हे पाहावे.

रोजनिशीतले मारिओ चित्रात आहेत. आपल्याच चित्रात ते बावळटासारखे उभे असतात. गावातल्या लठ्ठ पाहुण्याला हसायचे असेल तर त्याच पानावर स्वतःलाही हसे करून घेतात. शिवाय त्या माणसांना नावे आहेत. अमुक मामा, तमुक मित्र, फलाण्याची बहीण. तो पाद्री केवळ 'पाद्री' नसतो, गावातला तो एक पाद्री असतो, त्याच्या चालीचा, त्याच्या पोटाचा. वहीचा हा गुण कॅमेऱ्याला सहज साधत नाही. कॅमेरा एका क्षणात सगळे घेतो. वहीत काढायचे तर माणसाला आठवावे लागते. संध्याकाळी घरी येऊन, दिवा लावून, दिवसभरात भेटलेल्यांपैकी कोण मनात उरले ते आधी ठरते, मग हात चालतो.

आता वर्तमानपत्रातले मारिओ घेऊ. त्यांची मुंबई पाहायची तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींपुढे उभे राहावे. एक भिंत कॅफेतल्या जगण्याची, दुसरी शहराची. मागे शाळेच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम गेलो. आजूबाजूला बिअरचे ग्लास आणि आमच्यापुढे लिंबूसोडा. मारिओंची सिनेनटी मिस निंबूपानी आठवून आमचे आम्हालाच हसू आले. भिंतीपुढे तासभर सहज गेला. कुठे पाहावे हे चित्र सांगत नाही, हे त्याचे मोठे बळ आहे. मध्यभागी राजा आणि कडेला प्रजा, अशी रचना तिथे नाही. कुत्र्यालाही माणसाइतकीच जागा.

इथे आर. के. लक्ष्मण आठवतात. दोघेही टाइम्सच्या इमारतीत बसणारे. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूलने प्रवेश नाकारला होता, मारिओ तर त्या वाटेला गेलेच नाहीत. लक्ष्मण यांचा धोतर आणि चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन सगळे पाहतो आणि गप्प राहतो. तो आपला साक्षीदार आहे. मारिओंच्या गर्दीत साक्षीदार नाही, तिथे प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतलेला आहे. लक्ष्मण घटना काढतात, मारिओ मोसम काढतात. म्हणून लक्ष्मण यांची चित्रे कळायला त्या दिवसाची बातमी आठवावी लागते, मारिओंचे चित्र पन्नास वर्षांनीही बातमीवाचून चालते. ही तुलना कुणाला कमी लेखण्यासाठी नाही.

पण त्या भिंतीसमोर बसल्या बसल्या एक गोष्ट खटकू लागली आणि अजून खटकते आहे. गर्दीतला माणूस आपण ओळखतो तो कशावरून? कपड्यांवरून. टोपीवरून पारशी, टोपलीवरून कोळीण, पोटावरून शेठ, दाढीवरून आमचा माणूस. वर्तमानपत्रातल्या चित्रकाराला हे करावेच लागते हे मान्य. वाचक चहाच्या घोटाबरोबर चित्रावर नजर टाकतो, त्याला दोन क्षणांत ओळख पटली पाहिजे. बुरखा तर शाईने काढणाऱ्याला आयतीच मिळालेली काळी जागा असते. पानावर तोल साधायला कुठेतरी काळे हवे असते, ते तिथे भरता येते. आत कोण आहे हे कळायची गरज पडत नाही.

आणि हे फक्त आपल्याबाबत झाले असेही नाही. मिस फोन्सेका पाहा. ठिपक्यांच्या झग्यातली, भरल्या अंगाची, साहेबाच्या केबिनमधली सेक्रेटरी. ही गोव्याची कॅथलिक मुलगी म्हणजे मारिओंच्या स्वतःच्या समाजातली. त्या काळात हजारो गोवेकर मुली मुंबईच्या कचेऱ्यांत टंकलेखन करून घरे चालवत होत्या. त्यांच्यातल्या एकीचेही जगणे त्या झग्यात मावत नाही. रोजनिशीत ज्याने आपल्या गावातल्या बायांना नावानिशी काढले, त्यानेच पुढे त्यांचा असा साचा केला. पहिल्याने खाका खेंचला, दुसऱ्याने उडवला. मारिओंच्या मनात द्वेष नव्हता, हे त्यांच्या कुठल्याही पानावरून सांगता येते. प्रश्न द्वेषाचा नाही. साच्यात गेलेला माणूस प्रेमाने काढला तरी साचाच राहतो.

हे सगळे आम्ही एवढ्या कळकळीने का लिहितो आहोत, त्याला एक कारण आमच्या वर्गात घडले. आमचे गाव करंजा. समोर खाडी, पलीकडे रेवस, मागे द्रोणागिरी. मुंबई आमच्यापासून पाण्याच्या वाटेने जवळ आणि जमिनीच्या वाटेने कायम दूर होती. मोऱ्याहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, तिथून पुढे शहर. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचेही उद्घाटन झाले. आता म्हणतात आम्हीही शहरात आलो. तसे असेल तर शहराच्या चित्रात आम्ही कुठे आहोत, हे विचारणे भाग आहे. मारिओंची मुंबई धक्क्यावर संपते. त्यांचा दोष नाही, तेव्हा शहरच तिथे संपत होते.

मारिओंची रोजनिशी वाचून झाल्यावर आम्ही सातवीच्या मुलांना एक काम दिले होते. आधी म्हटले, 'एक मुसलमान माणूस काढा.' पंधरा मिनिटांत चित्रे तयार. दाढी, जाळीची टोपी, लांब कुर्ता, मागे मिनार. एकाने हातात तसबीह दिली होती. जवळजवळ सगळी चित्रे एकाच माणसाची. मग विचारले, 'तुमचे अब्बा असे दिसतात?' वर्गात शांतता. या मुलांचे वडील न्हावा-शेव्याच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतात, कुणी कुवेतला एसीची कामे करतो, कुणाची रिक्षा आहे, कुणाचा बर्फाचा धंदा. बहुतेक जण पँट-शर्टात, काही लुंगीत, दाढी असलेले निम्मेही नाहीत. घरात बोलतात ती आमची कोकणी-मराठी, शेजारच्या आगरी-कोळ्यांच्या बोलीशी गळ्यात गळा घालणारी. बाजारात दोघे शेजारी उभे राहिले तर कोण कोणत्या आळीतला हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. तरीही 'मुसलमान' म्हटल्याबरोबर आमच्याच मुलांच्या हातातून तो साचा उतरला. बाहेरच्यांनी आम्हाला जसे काढले तसेच आम्ही स्वतःला काढायला शिकलो होतो.

त्या दिवशी मोंडेगारच्या भिंतीपुढे काय खटकत होते ते नीट उमगले. दंगलीच्या बातमीतला फोटो आपल्याला साच्यात घालतो हे आपण नेहमी बोलतो, आणि बरोबरच बोलतो. ईदची गळाभेट दाखवणारा कौतुकाचा फोटोही तेच करतो हे मात्र आपण बोलत नाही. वर्षातले दोन दिवस आम्ही गळाभेट घेतो. उरलेले दिवस आम्ही रेशनच्या रांगेत, डॉक्टरच्या बाकावर, बसच्या दांड्याला लोंबकळत असतो. त्या दिवसांची चित्रे कुणी काढायची?

मारिओंची वही इथे कामाची ठरते, अनुकरणासाठी नव्हे, सवयीसाठी. आम्ही मुलांना प्रत्येकी एक साधी शंभर पानी वही दिली. रोज एक पान. अट एकच, ज्या माणसाला भेटलात तोच काढायचा, आणि पानावर कुठेतरी स्वतःही असायचे. पहिल्या आठवड्यात पुन्हा टोप्या आणि मिनार. दुसऱ्या आठवड्यात सायकल आली, बर्फाची लादी आली, सुकत घातलेले बोंबील आले. तिसऱ्या आठवड्यात एकाने आपल्या दादीला काढले. ती टीव्हीसमोर झोपली आहे, तोंड उघडे, आणि हा दारामागून रिमोट पळवतो आहे. फरहतुल्ला बेग असते तर त्याची पाठ थोपटली असती. दादीने चित्र पाहून आधी धपाटा घातला, मग चित्र कपाटात ठेवून दिले, असे कळले.

सगळेच इतके सोपे गेले नाही. एक पालक भेटायला आले. भले गृहस्थ, आवाज न चढवता म्हणाले की सजीवांची तस्वीर काढणे आमच्या घरी चालत नाही, आमच्या मुलीला यातून वगळा. या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. आम्ही फतवा देणारे कोण? आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. मुलीला सांगितले, तू झाडे काढ, होड्या काढ. मनातून मात्र थोडे खट्टू झालो, कारण तिचा हात वर्गात सगळ्यांत चांगला होता.

महिन्याच्या शेवटी तिने वही आणून दिली. होड्या होत्याच, ओहोटीला चिखलात कललेल्या. आणि एका पानावर एक माणूस होता, पाठमोरा. चेहरा नाही. धक्क्याच्या पायरीवर उकिडवा बसलेला, डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला, शेजारी स्टीलचा डबा, शर्टाची कॉलर मागून थोडी उलटलेली. कोपऱ्यात दोन लहान चपला, त्या तिच्या. मारिओंच्या रेषेचा सगळा जीव डोळ्यांत असतो. डोळे काढून घेतले तर त्यांची निम्मी माणसे ओळखता येणार नाहीत. इथे डोळे नव्हतेच. घरी विचारून काढलेस का, असे आम्ही हळूच विचारले. ती म्हणाली, 'अब्बांनीच सांगितलं, पाठ काढलीस तर चालेल.'

आम्ही पान सगळ्यांना दिसेल असे धरले. काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून दोघेतिघे एकदम ओरडले, 'टीचर, हे तर हिचे अब्बा!'